एकशे सतरा नंबरचं जाकीट

एकशे सतरा नंबरचं जाकीट मी एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पुसून टाकलं. निनाद माझ्या खुर्चीमागे उभा राहून केळं खात होता.

"खरंच पुसतेस?" त्यानं विचारलं.

"एकसष्ट वेळा दुरुस्त केलंय त्यानं. एकसष्ट! बाकीच्यांची सरासरी दोनसुद्धा येत नाही. या एका माणसापायी सगळा तक्ता वाकडा दिसतोय."

"लबाडी करत असेल."

"दोन नाण्यांच्या जाकिटासाठी कोण लबाडी करेल? काहीतरी बिघाड असणार. नाहीतर माणूसच बिघडलेला असणार."

निनाद हसला आणि सालपट माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला. मी बटण दाबलं. अशा वेळी खेळाडूला जो ठरलेला निरोप जायचा तो गेला: 'ही वस्तू आता वापरण्याजोगी राहिलेली नाही. नवीन घ्यावी.' हा मजकूरही माझाच होता. तेव्हा मला तो फार सभ्य वाटायचा.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. सांगलीत विश्रामबागेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे आठ माणसं, नऊ संगणक आणि खालून दिवसभर येणारा दात कोरायच्या यंत्राचा आवाज. निनाद आवटी मालक, पण त्याच्यासाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून तो सगळ्यांच्या खुर्च्यांमागे उभा असायचा. आम्ही बंदुकीचा एक खेळ बनवत होतो, नाव 'ओसाड'. माणसं सोडून गेलेलं एक कारखान्याचं गाव. त्यात शिरायचं, पडक्या घरांतून सापडेल ते उचलायचं आणि जिवंत बाहेर यायचं. आत मेलात तर अंगावरचं सगळं गेलं. घरच्या पेटीत ठेवलेलं तेवढं तुमचं.

गोळ्या, धूर, रक्त हे इतर मुलांचं काम. माझ्याकडे आकडे होते. कुठली वस्तू किती टिकते, दुरुस्त केली की कशी होते आणि बाजारात तिला काय भाव येतो, हे मी ठरवायचे. दुरुस्तीचा नियम मी चौदा महिने घासूनपुसून तयार केला होता आणि मला त्याचा गर्व होता. नियम सोपा होता. नवं जाकीट शंभराचं. वापरून झिजलं की दुरुस्त करता येतं, पण पुन्हा पूर्ण शंभर होत नाही. झीज थोडी असेल तर थोडंसंच कमी भरतं, फार झिजवलंत तर एकदम वीस-पंचवीसनं खाली येतं. आणि दर दुरुस्तीमागे बाजारातला भाव पंधरा टक्क्यांनी पडतो. जुनी स्कूटर घेताना माझा मामा पहिला प्रश्न विचारायचा, गाडी किती वेळा गॅरेजला गेली? तेच मी उचललं होतं. सहा-सात वेळा गॅरेजला गेलेलं जाकीट भंगारात, यात मला काहीच वावगं दिसत नव्हतं.

खेळून बघायला आम्ही दोनशे माणसं जमवली. आठ जणांनी पंचवीस-पंचवीस नावं द्यायची होती. मी मामा, मामाची मुलं, कॉलेजातल्या मैत्रिणी, त्यांचे नवरे असे चोवीस भरले आणि पंचविसावं नाव भरती म्हणून आईचं घातलं, घरच्या संगणकावर खेळ चढवून ठेवला आणि विसरून गेले. कुणी आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नये म्हणून निनादनं नावांची यादी स्वतःकडे ठेवली होती. आम्हाला नुसते नंबर दिसायचे.

पाच आठवडे झाले आणि खेळ बसला. कुणी खेळेचना. म्हणजे यायचे सगळे, पण नवं जाकीट मिळालं की पेटीत घालून ठेवायचे आणि साध्या सदऱ्यानिशी आत शिरायचे. जाकीट घातलं की झिजणार, झिजलं की दुरुस्ती आली, दुरुस्ती केली की भाव पडला. ज्यांनी घातलं ते पार चिंध्या होईपर्यंत दुरुस्त करायचे नाहीत, आणि मग एकदा-दोनदा केलं की फेकून द्यायचे. पेटीत खजिना आणि अंगात बनियन. असे सगळे पटापट मरायचे आणि वर आम्हालाच शिव्या घालायचे.

"सोमवारी बंगलोरची माणसं येणार," निनाद म्हणाला होता. "ते पैसे घालणार की नाही ते तेव्हाच ठरणार. तोवर तुझं दुरुस्तीचं गाडं रुळावर आलं तर ठीक. नाहीतर मी दुरुस्तीच काढून टाकतो. तुटलं की तुटलं, नवं घ्या. लोकांना तेच आवडतं."

"चौदा महिने, निनाद."

"मग अजून सहा दिवस घे की."

म्हणून मी त्या मंगळवारी तक्ता साफ करायला घेतला होता, आणि पहिला घाव एकशे सतरावर पडला.

संध्याकाळी मिरजेला घरी आले तेव्हा आई पुढच्या खोलीत खिडकीशी बसली होती. बाबा रेल्वेत, तेव्हा हुबळीला होते. आठवड्यातून एकदा यायचे. घरात आम्ही दोघीच. आई म्हणजे शैलजा मगदूम, गावात मगदूमबाई. तीस वर्षं तिनं गाणं शिकवलं. सकाळी सहापासून पोरी यायच्या, आणि प्रत्येक पोरीबरोबर आई स्वतः गायची, नुसतं सांगून तिचं भागायचंच नाही. त्या तीस वर्षांनी स्वरतंतूवर गाठ धरली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण मौन सांगितलं. आईनं कपाटातून शाळेतली पाटी काढली आणि तिच्यावर लिहायला लागली.

तीन आठवडे संपले. डॉक्टर म्हणाले, "आता बोला. थोडं थोडं, पण रोज. नुसता जपून ठेवाल तर गळा आखडून बसेल. वरचा सा पूर्वीसारखा लागेल असं वचन मी देत नाही, पण बोला." आईनं मान डोलावली, घरी आली आणि पाटीवर लिहिलं, 'भाजी कुठली करू?' त्याला आता चार आठवडे झाले होते. मी रागावून बघितलं, विनवून बघितलं, बाबांनी फोन करून बघितलं. फोनवर ती नुसती ऐकायची आणि माझ्या हातात द्यायची. तिला काय भीती होती ते मला कळत होतं. तोंड उघडलं आणि कुणा भलत्याच बाईचा आवाज आला तर? न बोलता बसलं की निदान जुना आवाज आत शाबूत आहे असं समजता येतं. तिनं कायमचंच बोलणं सोडलं तर काय, या विचारानं मला ऑफिसात आकडे दिसेनासे व्हायचे.

तरी मधले काही आठवडे ती जरा बरी वाटत होती. जेवताना डोळ्यांत काहीतरी चमक असायची. एकदा पाटीवर लिहून विचारलं होतं, 'चामड्याचे तुकडे कुठे मिळतात?' मी म्हटलं, "चपलेला हवेत का?" तर नुसती हसली. संगणकापाशी तिचे हेडफोन पडलेले असायचे. जुन्या मैफिली ऐकते आहे असं समजून मला बरंच वाटायचं.

त्या मंगळवारी मात्र चेहरा पार उतरला होता. मी चप्पल काढते तोच तिनं पाटी पुढे केली. आधीच लिहून ठेवलेलं होतं.

'रसूलचाचांना शनिवारी बोलाव. तानपुरा घेऊन जा म्हणावं. कुणी घेत असेल तर देऊन टाका.'

"का? आज काय झालं?"

तिनं पाटी पुसली. लिहिलं, 'वापरण्याजोगं राहिलेलं नाही.'

"तानपुऱ्याला काय धाड भरलीय?"

तिनं खडू खाली ठेवला. म्हणजे बोलणं संपलं. हे वाक्य मी कुठे तरी वाचलंय, असं मला पुसटसं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. पण स्वतःच लिहिलेलं माणूस कुठे लक्षात ठेवतं?

बुधवारी एकशे सतरा खेळायला आला नाही. गुरुवारीही नाही. पाच आठवडे रोज दुपारी दोन ते साडेचार न चुकता येणारा माणूस, आणि आता एकदम गायब. तक्ता सुंदर दिसायला लागला होता, पण त्यातून उत्तर काही मिळत नव्हतं. शेवटी गुरुवारी दुपारी मी त्याच्या जुन्या नोंदी काढून बसले.

"निनाद, इकडे ये जरा."

"आता काय?"

"याच्या झाडलेल्या गोळ्या बघ."

"शून्य," निनादनं वाचलं. "पाच आठवड्यांत?"

"माइकसुद्धा शून्य. जवळच्या खेळाडूशी एकदाही बोललेला नाही. आणि मेला किती वेळा? पहिल्या आठवड्यात नऊ वेळा. पुढे एकदाही नाही."

आम्ही त्याच्या एका फेरीचं चित्रण लावलं. एक माणूस, अंगात ते ठिगळांचं जाकीट, पडक्या गोदामाच्या भिंतीआड उभा. हलत नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, सात मिनिटं. निनाद जांभया द्यायला लागला. मग पलीकडून दोन बंदूकवाले धावत गेले, आणि ते पुरते लांब गेल्यावर हा सावकाश निघाला, आतून सुई, दोरा आणि चामड्याचा तुकडा उचलला आणि परत आला. जाकिटाला कुठे भिंत घासली होती, जेमतेम एका टक्क्याची झीज. घरी पोचल्याबरोबर त्यानं ती दुरुस्त केली.

"एका टक्क्यासाठी!" निनाद म्हणाला. "वेडा आहे."

"पण एकसष्ट दुरुस्त्यांनंतर जाकीट अजून अठ्ठावन्नचं होतं. बाकीच्यांचं दोन दुरुस्त्यांत पन्नासला येतं."

"मग?"

नियम माझा, आणि त्याचा अर्थ कुणा परक्याला माझ्यापेक्षा जास्त कळला होता, एवढं टोचत राहिलं.

शनिवारी चार वाजता रसूलचाचा आले. मिरजेत तंतुवाद्यांची कामं करणारी जी घरं आहेत त्यांतलं त्यांचं एक. सत्तरीचा माणूस, हातात कायम कापडी पिशवी आणि पिशवीत कानशी. माझ्या जन्माच्या आधीपासून आईचा तानपुरा त्यांच्याच हाताखालून जायचा. आईनं त्यांना मानेनं नमस्कार केला आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली. तानपुरा नेताना तिला बघायचं नव्हतं.

"बाई अजून बोलत न्हाईत?" चाचांनी हळू विचारलं.

"नाही."

"आन ह्यो इकायचा म्हनत्यात?"

"हो."

चाचांनी तानपुऱ्याची कापडी गवसणी काढली, तानपुरा मांडीवर आडवा घेतला, तारा सैल केल्या आणि भोपळ्यावरची हाडाची घोडी, ज्यावरून तारा जातात ती, उचलून उलटी केली. तिच्या पोटाला पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा होत्या.

"हे काय, चाचा?"

"रेघा. एकदा जवारी काढली की एक रेघ. माझ्या वालिदांची सवय, तीच माझी."

जवारी म्हणजे काय ते मला माहीत होतं. तार घोडीवर जिथे टेकते तिथे कानशीनं केसभर उतार द्यायचा, तेव्हा तानपुरा घुमतो. वाजवून वाजवून तिथे खाच पडते, आवाज मुका होतो, मग पुन्हा घासायचं. लहानपणापासून बघत आले होते, पण हाडाकडे कधी त्या नजरेनं बघितलंच नव्हतं.

"म्हणजे दर वेळी हाड कमी होतं?"

"हुतंयच की. कानस फिरवून हाड वाढतंय व्हय?"

मी रेघा मोजल्या. बावीस होत्या. "मग एवढ्या रेघा बघून गिऱ्हाईक भाव पाडत नाही?"

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तानपुरा किलोवर मिळतो का विचारलं होतं.

"उलटं हाय, पोरी. गिऱ्हाईक आलं की मी पयल्यांदा घोडी पालथी करून दावतो. रेघा हायत म्हंजे बाजा वाजता हाय, मालकाचा कान जागा हाय. खाच पडायच्या आत यितो, मी दोनदा कानस फिरवतो, झालं. हाड बग, अजून निम्म्याच्या वर शिल्लक हाय. आन दुसरे लोक कसे? पाच-पाच वर्सं येत न्हाईत. जवारी काढली तर घोडी झिजंल म्हनत्यात! मग पार मुका झाला की आणत्यात, आन एका टायमाला अर्धं हाड घासाय लागतंय."

"आणि रेघ नसलेली घोडी?"

"कोरी घोडी जुन्या बाजाला दिसली की मी कानाला हात लावतो. गवसणीत घालून ठिवलेला असतोय. वर चकाचक, आन भोपळा आतनं किडीनं खाल्लेला."

मी तिथेच जमिनीवर बसले. गवसणीत घालून ठेवलेला. पेटीत घालून ठेवलेलं. चौदा महिने जे डोळ्यांसमोर होतं ते आता कुठे दिसलं होतं.

"चाचा, मी मोठी चूक केली."

"काय केलंस?"

"आमच्या खेळात एक जाकीट आहे. त्याचा भाव मी रेघा मोजून ठरवला. हाड किती उरलंय ते बघितलंच नाही. मग लोक रेघ पडू नये म्हणून थांबायला लागले."

"आन एकदम अर्धं हाड जायला लागलं."

"हो! नाहीतर पेटीत ठेवायला लागले. दोनशे माणसांत एकच शहाणा निघाला. रोज दुपारी यायचा, जरा खरचटलं की लगेच टाका घालायचा. एकसष्ट रेघा, चाचा, आणि जाकीट अजून अठ्ठावन्न टक्के धड."

"मग त्याला बक्षीस दिलं असशील."

मला लाज वाटली. "त्याचं जाकीट मी मंगळवारी पुसून टाकलं. वर कळवलं, वापरण्याजोगं राहिलेलं नाही, नवीन..."

दारात चहाचा ट्रे आपटला. दोन्ही कप कलंडले.

"ते तू केलंस?"

सात आठवड्यांनी आईचा आवाज त्या घरात ऐकू आला. जाड होता, खरखरीत होता आणि पूर्वीपेक्षा कितीतरी खालचा. मला रडू आलं आणि काय केलं मी म्हणून शरमही वाटली, दोन्ही एकदम, त्यात आधी काय ते आजही सांगता येणार नाही.

"आई, एकशे सतरा तू आहेस?"

"मला काय माहीत मी कितवी आहे? इतक्या कष्टानं सांभाळलेलं जाकीट. आणि वर पत्र, नवीन घ्यावी म्हणे! कुणी लिहिलं ते?"

"मीच."

"शोभतं हो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो माझा वळसा तर पाच दिवसांचा होता. पण मी काही म्हणायच्या आतच आईला उमगलं की आपण बोललो. तिचा हात गळ्याकडे गेला. चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे ती जुनी भीती आली. तिनं इकडेतिकडे पाटीसाठी बघितलं. पाटी खिडकीत होती.

चाचांनी जणू काही झालंच नाही असं करून घोडी जागेवर बसवली, तारा चढवल्या आणि खाली मान घालूनच म्हणाले, "बाई, त्या जाकिटाचं मला काय समजलं न्हाई. नीट सांगा बगू."

आईनं कलंडलेले कप सरळ केले.

"सांगा की. म्हाताऱ्या माणसाला खेळातलं काय कळतंय?"

आई उंबऱ्यातच बसली. "गळा बंद, शिकवण्या बंद," ती थांबत थांबत म्हणाली. "दुपार नुसती खायला उठायची. हिनं काहीतरी चढवून ठेवलं होतं, ते उघडलं. तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं."

"बरं," चाचा म्हणाले आणि एक खुंटी थोडी उलटी पिळली.

"पहिल्यांदा मेले पुष्कळ वेळा. मग लक्षात आलं, बघायचं नाही, ऐकायचं. पत्र्यावर पाय पडला की वेगळा वाजतो, फरशीवर वेगळा. कान काही मी ऑपरेशनला दिले नव्हते."

"आन जाकीट?" खुंटी आणखी जरा उतरली. चाचा तार छेडायचे, आई बोलली की कान द्यायचे, परत उतरवायचे. आईला कळत होतं ते काय करताहेत. तीस वर्षांची ओळख. ती तरीही बोलत राहिली.

"जाकीट पहिल्याच आठवड्यात मिळालं. म्हटलं, नवं कोण कुठे शोधत बसणार, हेच नीट ठेवू. मंगळवारी तो निरोप आला आणि वाटलं, बरोबरच आहे. एवढं शिवून शिवून शेवटी..."

चाचांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या. आवाज मुका होता, पण तो आईच्या बोलण्याला जाऊन मिळाला.

"काळी चारचा सूर सोडा आता," चाचा म्हणाले. "खालची पांढरी चार घ्या. ताण बदलला, म्हंजे जवारी परत काढाय लागंल. आज काय मी ह्यो नेत न्हाई."

त्यांनी पिशवीतून कानस काढली. आईनं नको म्हटलं नाही. कुणाकडे न बघता तिनं एकदाच सा लावून बघितला. मध्येच तो फाटला. तिनं पुन्हा लावला आणि या वेळी जरा टिकला. चाचांनी वर न बघता मान हलवली. घोडीच्या पोटाला तेविसावी रेघ पडली.

"जाकीट मी उद्याच परत आणते," मी नाक पुसत म्हटलं. "अगदी शंभर टक्क्यांचं करून देते. कोरं."

"कोरं नको," आई म्हणाली. "अठ्ठावन्न होतं, अठ्ठावन्नच दे. आणि ठिगळं जिथल्या तिथे हवीत."

रविवारी निनादला घरून ओढून ऑफिसात आणलं. भाव दुरुस्त्या मोजून ठरायचा तो आता जाकीट किती धड आहे त्यावर ठरायला लागला, आणि दुरुस्त्यांचा आकडा प्रत्येक वस्तूवर उघड दिसेल असा लावला, चाचांच्या रेघांसारखा. निनादला संध्याकाळपर्यंत भरवसा वाटत नव्हता. पण नियम लागू झाल्याचं कळल्यावर लोक पेट्या उघडायला लागले. सोमवारी दुपारी बंगलोरची दोन माणसं आमच्या पडद्यासमोर बसली तेव्हा गावात बऱ्याच दिवसांनी वर्दळ होती. पुढे त्यांनी पैसे दिले. खेळ तीन वर्षं चालला आणि बंद पडला; तो काही जगावेगळा नव्हता.

त्या सोमवारी दोन वाजून पाच मिनिटांनी एकशे सतरा आत आला. मी पाहुण्यांना त्याचं जाकीट दाखवत होते. गोदामाच्या भिंतीआड तो नेहमीसारखा थांबला. तेवढ्यात पलीकडून एक खेळाडू बंदूक खाली करून, हात वर करून पुढे आला. त्याच्याही पडद्यावर तो एकसष्टचा आकडा दिसत असणार.

"भावा," तो माइकवर म्हणाला, "एकसष्ट वेळा मरम्मत आणि अजून टिकलंय? विकतोस का? चारशे देतो. नव्याचा भाव आहे."

बंगलोरच्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. माझी नजर पडद्यावर होती; एकशे सतराच्या नावापुढे माइकची नोंद अजून शून्य होती.

मग ते शून्य गेलं.

"विकायचं नाही," तो जाड, खरखरीत आवाज म्हणाला. "आणि भावा नाही. बाई म्हण."